ओरिनचे त्रेचाळीस साचे

ओरिन हाउगेनने आयुष्यात किती हरणं मारली हे त्याला विचारायचं नसतं. विचारायचा तो गोळीचा आकार, आणि तोही दुपारपर्यंत आपल्याला दुसरं काही काम नसेल तरच.

मोंटानातल्या आमच्या स्वीट रॉक गावात हार्डवेअरचं दुकान एकच. त्याच्या गल्ल्यावर मी चोवीस वर्षं बसते. खिळ्यांचे डबे आणि दोरखंडाची रिळं यांच्या मधे एक टेबल आहे, त्यावर कॉफीचं भांडं. कॉफी फुकट. फुकटच्या कॉफीला येणाऱ्या माणसांकडे ज्ञान फार असतं, हे मी इकडेही पाहिलं आणि तिकडे माझ्या माहेरगावच्या पारावरही. पण पारावर निदान विषय बदलायचे.

ओरिनचा विषय एकच. शिशाची ओतीव गोळी कुठल्या आकाराची असावी.

इकडे मोंटानात घराघरात दारामागे एक जुनी दांड्याची बंदूक असते. चापाच्या खाली दांडा असतो. तो पुढे ढकलून मागे ओढला, की खट-खट्ट आवाज करत नवं काडतूस वर येतं. ही काडतुसं ठेवायची जागा म्हणजे नळीखालची दुसरी नळी. तिच्यात ती प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखी एकामागे एक असतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या पाठीला. आणि प्रत्येकाच्या पाठीवर मधोमध एक टिकली, दिवाळीत आपण फोडायचो तसलीच, जरा दांडगी. आता मागच्याचं नाक टोकदार असलं आणि बंदुकीने झटका दिला, तर पुढच्याची टिकली जागच्या जागी फुटायची भीती. म्हणून या बंदुकीला मोदकासारखी टोकाची गोळी चालत नाही. चपट्या तोंडाची लागते.

झालं. एवढंच शास्त्र. मला दोन मिनिटांत कळलं. ओरिनला ते एकतीस वर्षं पुरलं.

कारण चपटं म्हणजे किती चपटं? रुपयाएवढं की मसुरीएवढं? तोंडामागे उतार हवा की पिंपासारखा खांदा? गोळीच्या अंगावर चर किती, त्यांत मेणाचं वंगण किती? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक नवा साचा. लोखंडी चिमट्यासारख्या मुठी, पुढे दोन ठोकळे, ठोकळ्यांत गोळीच्या आकाराची पोकळी. त्यात वितळलेलं शिसं ओतायचं, थांबायचं, उघडायचं. असे त्रेचाळीस साचे ओरिनकडे होते. बंदूक एकच होती.

ओरिन म्हणजे तसा भला माणूस. चौतीस वर्षं परगण्याच्या कच्च्या रस्त्यांवर खडी सपाट करायचं यंत्र चालवलं. म्हणून असेल, उंचवटा दिसला की तो सपाट करायचा मोह त्याला आवरत नाही. समोरच्याचं मतसुद्धा त्याला उंचवट्यासारखंच दिसतं.

"डुएन, तू अजून गोल नाकाचीच ओततोस ना?" तो सकाळी साडेसातला सुरू करायचा. डुएन पेंडीचा ट्रक चालवतो, त्याला घाई असते.

"ओततो. परवा हरीण पडलं."

"पडलं, पण कसं पडलं?"

"आडवं पडलं."

"तसं नव्हे रे. चपट्या तोंडाची असती तर जागेवर पडलं असतं."

"जागेवरच पडलं. कुणाची जागा विचारून पडायला हवं होतं का?"

सगळे हसायचे. ओरिन हसायचा नाही. तो भिंतीकडे बोट करायचा. कॉफीच्या भांड्याच्या वर तिथे त्याने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला एक पुठ्ठा होता. 'नळीतून चालवून बघितलंत का?' त्याचा अर्थ असा की नव्या आकाराची काडतुसं केलीत, तर आधी दारूशिवायची पाच बनवा, खालच्या नळीत भरा, दांडा मारून एकेक वर येतं का ते पाहा. गोळी लांब झाली तर वर येताना आडवी अडकते. मग बंदूक ना उघडत, ना मिटत. तो हे इतक्यांदा सांगायचा की लहान पोरंसुद्धा त्याला रस्त्यात गाठून विचारायची, "ओरिन, नळीतून चालवून बघितलं का?" आणि तो गंभीरपणे म्हणायचा, "शाब्बास."

माझ्या गल्ल्यावर खुंटीला एक लोखंडी पळी टांगलेली आहे, शिसं ओतायची. ते इथल्या बंदूक मंडळाचं बक्षीस. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नेमबाजी. बंदूक दांड्याचीच हवी, गोळी स्वतःच्या हाताने ओतलेली हवी. दीडशे पावलांवर लोखंडी पत्र्याचे पाच मेंढे, नव्वद सेकंद, पाच गोळ्या. जिंकणाऱ्याचं नाव पळीच्या दांड्यावर कोरतात. त्या दांड्यावर लावॉन स्कारचं नाव सहा वेळा आहे. ओरिनचं एकदाही नाही. एकोणीस वर्षं तो नेम धरतोय, आणि एकोणीस वर्षं स्पर्धेच्या महिनाभर आधी त्याला आधीच्या आकारातला दोष सापडतोय.

लावॉन शाळेची बस चालवते. वय अडुसष्ट. नवरा जीन वारला तेव्हा त्याचं शिसं वितळवायचं भांडं गोठ्यात थंडगार पडलेलं तिला बघवेना, म्हणून ओतायला शिकली. तिच्याकडे साचा एक. साधा, चपट्या तोंडाचा, मधल्या उताराचा. हा साचा जीनला कुणी विकला? ओरिननेच. आपल्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, तीन डॉलरला, 'नवशिक्यांसाठी ठीक आहे' असं म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मी गल्ल्यावर बसून मनातल्या मनात किती वेळा म्हटली असेल, देव जाणे.

आता हे सगळं ओतकाम चालायचं कुठे, तर अर्डिसच्या कपडे धुवायच्या खोलीत. अर्डिस म्हणजे ओरिनची बायको. शाळेच्या खानावळीत सत्तावीस वर्षं स्वयंपाक केलेली, कमी बोलणारी. त्या खोलीत खिडकी होती आणि विजेचं बटण होतं, म्हणून ओरिनने कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी भांडं मांडलं ते मांडलंच. गाड्यांच्या चाकांची जुनी शिशाची वजनं गोळा करून आणायची, वितळवायची, वरची राख काढायची. ती राख उडायची, जमिनीवर बसायची. रविवारी चर्चला निघताना अर्डिसच्या पांढऱ्या पोलक्यावर कुठेतरी एक रुपेरी थेंब असायचाच. ती तो नखाने खरवडून काढायची आणि गाडीत बसायची.

जूनमध्ये दवाखान्यात ओरिनचं रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं. नको इतकं.

"थोडंसंच आहे," ओरिन दुकानात म्हणाला.

"किती थोडं?" डुएन म्हणाला. "तुला उभा वितळवला तर किती गोळ्या होतील?"

ओरिनने त्यावरही विचार केला. "आकारावर आहे," म्हणाला.

हसण्यावारी गेलं असतं. पण त्यांची मुलगी कार्ला बिलिंग्जला असते, तिला फेब्रुवारीत मुलगी झाली. नाव जून. आजीच्या घरी बाळ अजून आलं नव्हतं. रक्ताचं ऐकल्यावर कार्लाने फोनवर सरळ सांगितलं, "आई, बाळ आता रांगेल, हात तोंडात घालेल. त्या घरात शिसं आहे तोवर मी तिला उंबऱ्याच्या आत आणणार नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणालाही नाही."

अर्डिसने हे मला सांगितलं तेव्हा ती धुण्याच्या यंत्राचा पाईप घ्यायला आली होती. पाईप हातात धरून ती कॉफीच्या टेबलापाशी गेली. ओरिन मसुरी आणि रुपया समजावत होता.

"ओरिन, शिसं घराबाहेर काढ."

"स्पर्धेनंतर काढतो."

"स्पर्धेनंतर तू बारा वर्षांपूर्वीही काढणार होतास."

"अगं, नेऊ कुठे? शेड बांधायला हवी. आता जमीन गोठेल. वसंतात बांधू."

"वसंतात जूनला तोंडभर दात असतील. ती तुझे साचे चावेल."

टेबलावरची माणसं कपात बघू लागली. नवरा-बायकोचं भांडण फुकट मिळालं तरी कॉफीइतकं सहज घशाखाली जात नाही.

ओरिनचा चेहरा लाल झाला. "बरं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो. या वर्षी पळी जिंकलो, तर वसंतात शेड, आणि तोवर भांडं आहे तिथेच राहील. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"आणि हरलास तर?"

"हरलो तर... साचे विकून टाकीन."

"विकायचे नाहीत. चर्चच्या जुन्या बाजारात द्यायचे. दुसऱ्या दिवशी. एक ठेव, हवा तर. एकच, आणि तोही घराबाहेर. आणि ती खोली तू स्वतः साफ करायची."

"कबूल."

"कबूल," अर्डिस म्हणाली आणि पाईपाचे पैसे देऊन गेली. एकोणीस वर्षांचा इतिहास पाहून तिने हो म्हटलं होतं. हे मला कळलं, डुएनला कळलं, टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. फक्त ओरिनला वाटलं की बायकोचा आपल्यावर विश्वास आहे.

मग सुरू झाली निवड. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे अर्डिसचं कॅसरोलचं भांडं परत द्यायला गेले, तर जेवायच्या टेबलावर त्रेचाळीस साचे ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे त्यातली एकेक गोळी उभी. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखा ओरिन एकेकीकडे डोळे बारीक करून बघत होता. नाक बरं आहे, पण अंगाने हलकी. अंग चांगलं, पण खांदा काढलेला, वर येताना अडखळेल. ही रूपाने छान, पण लांबवर वाऱ्यात भरकटते. ही साधी आहे.

"साधी असली तर वाईट काय?" मी विचारलं.

"बाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "साधी गोळी कोणीही मारतो."

"तेच तर विचारतेय."

त्याने एक उचलली. मी पाहिलेल्या गोळ्यांत ती सगळ्यात लठ्ठ आणि सगळ्यात लांब होती. तोंड बैलाच्या नाकपुड्यांसारखं रुंद. "ही," तो म्हणाला. "हिला बघ. गोळ्यांतली राणी." अर्डिस स्वयंपाकघरातून म्हणाली, "राणीला सांग, माझ्या टेबलावरून उठ. जेवायची वेळ झाली."

पण गंमत अशी झाली, की राणी खरंच चालली. घरामागे खडीची जुनी खाण आहे. तिथे बाक मांडून ओरिन रोज पाच गोळ्या मारायचा. चौथ्या दिवशी तो दुकानात आला आणि एक कागद गल्ल्यावर ठेवला. शंभर पावलांवरून मारलेली पाच भोकं, आणि त्यांच्यावर त्याने अर्ध्या डॉलरचं नाणं ठेवलं. पाचही झाकली गेली. डुएनने नाणं उचलून दोनदा पाहिलं. लावॉन तिथे खिळे घेत होती, तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "छान रे ओरिन." मनापासून म्हणाली. त्याला तेच जास्त लागलं असावं.

त्या दिवसापासून तो पळीकडे बघत कॉफी प्यायला लागला. डुएनला त्याने सांगूनही टाकलं, की नाव कोरताना अक्षर जरा ठसठशीत असू दे. शेडचा नकाशा रुमालावर काढला. साच्यांसाठी कप्पे. त्रेचाळीस नाही, साठ. भविष्याचाही विचार करायला हवा ना.

अर्डिस मात्र खचली. एका दुपारी मी गेले तर ती मोरीपाशी उभी, हात साबणाच्या पाण्यात, आणि खाणीकडे कान देऊन ऐकत होती. लांबून गोळीचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"या वर्षी हा जिंकेल गं," ती म्हणाली.

"देवाला काळजी," मी म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार. घरी रोज संध्याकाळी दिवा लावताना कुणाचं वाईट मागू नये असं आईने शिकवलं होतं. मी वाईट मागितलं नाही. जूनचं चांगलं मागितलं. देवाने हिशोब आपल्या परीने लावावा.

अर्डिस अजून ऐकतच होती. तिसरा बार झाला. तिची मान किंचित कलली. "किती शांत मारतोय, नाही?" ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी वारा बोचरा होता. मंडळाच्या पत्र्याखाली पॅनकेक भाजत होते. अर्डिस घडीच्या खुर्चीवर बसून विणत होती, लिंबाएवढ्या डोक्याची पिवळी टोपी. ओरिन पायाशी जेवणाचा पत्र्याचा डबा ठेवून उभा. नेम मारेपर्यंत तो काही खात नाही, पोट भरलं की श्वास जड होतो असं त्याचं एक शास्त्र आहे. डबा अर्डिस भरते, तो नंतर उघडतो.

लावॉन आधी मारून गेली. चार मेंढे पाडले, पाचवा हलला आणि उभा राहिला. "म्हातारा झालाय बिचारा, बसायला वेळ लागतो," ती म्हणाली आणि बंदूक उघडी करून ठेवून कॉफी घ्यायला गेली.

म्हणजे ओरिनला पाच हवे होते. पाचही तो पाडणार, हे त्या नाण्याखालचा कागद पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याने पाच काडतुसं खालच्या नळीत एकेक करून सरकवली. जरा जोर लागला. बंदूक खांद्याला लावली. पंचाने शिट्टी फुंकली. ओरिनने दांडा पुढे ढकलला.

खट.

आणि मग खट्ट झालंच नाही.

दांडा अर्ध्यावर थांबला. ओरिनने ओढून पाहिला. ढकलून पाहिला. राणीचं नाक वर आलं होतं, शेपूट खालच्या नळीतच होती. ती ना पुढे जाई, ना मागे. लठ्ठ बाई अरुंद दारात अडकावी तशी.

"ऐंशी," पंच म्हणाला.

आणि डुएनने, वैर म्हणून नव्हे, सवय म्हणून विचारलं, "ओरिन, नळीतून चालवून बघितलं होतंस ना?"

ओरिनने मान वर केली. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला एकदम कळलं, तसं सगळ्यांनाच कळलं. महिनाभर हा माणूस बाकावर बसून, दांडा उघडा ठेवून, एकेक काडतूस वरून बोटांनी आत घालत होता. बोटांनी घातलं तर लांब गोळीही जाते. नेम बघायचा म्हणजे असंच मारतात. पाचच्या पाच भोकं नाण्याखाली आली, त्या आनंदात हा पुठ्ठ्यावरची स्वतःचीच ओळ विसरला होता.

"साठ."

"स्क्रूड्रायव्हर!" ओरिन ओरडला. "कुणाकडे स्क्रूड्रायव्हर आहे?"

माझ्या दुकानात सव्वीस प्रकारचे आहेत. एकही मी आणला नव्हता. डुएनचा ट्रकमध्ये होता, पण पंचाने हात आडवा केला. नियम नियम आहे. अडकलेली बंदूक मारणाऱ्याने स्वतःजवळ जे असेल त्यानेच सोडवायची. ओरिनने चाकूचं पातं घातलं, पातं वाकलं. नख घातलं, नख तुटलं. "तीस." "दहा." शिट्टी वाजली. पाचही मेंढे उन्हात उभे होते, चरत असल्यासारखे.

त्याने बंदूक बाकावर ठेवली. कोणी हसलं नाही. आमच्याकडे माणूस घसरला तर हसतात, पण पडला तर टोप्या काढतात. लावॉनने जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चांगली गोळी होती," ती म्हणाली.

"हो," ओरिन म्हणाला. "लांब होती."

मग काहीतरी करायला हवं म्हणून त्याने डबा उघडला. टर्की-सँडविच, दोन लेमन बार, आणि कागदी रुमालात गुंडाळलेला एक स्क्रूड्रायव्हर. अगदी त्याच बंदुकीच्या स्क्रूच्या मापाचा, लाल मुठीचा.

मी तिथेच उभी होते. ओरिनने स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. मग अर्डिसकडे पाहिलं. ती टोपीचे टाके मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा. त्याने स्क्रूड्रायव्हर सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि सँडविच खाल्लं, सगळं, हळूहळू.

संध्याकाळी मी अर्डिसला गाडीत विचारलं, तुला आधीच कळलं होतं का. ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "एकेचाळीस वर्षं तो खट-खट्ट ऐकतेय मी. माझ्या झोपेतसुद्धा वाजतो. महिनाभर नुसता धूम, धूम. मधला आवाजच नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"आतापर्यंत काय काय सांगितलं, त्याचं काय झालं? म्हणतो, तुला यातलं काय कळतं." मग म्हणाली, "खोटं बोलले नाही मी. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि स्क्रूड्रायव्हर डब्यात दिला होता. डबा उघडला असता तर बंदूक वेळेत सुटलीही असती कदाचित. आता हे पाप आहे की नाही, ते मी पाद्र्याला विचारणार नाहीये."

मीही कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस साचे चर्चच्या तळघरात, विणलेल्या पिशव्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या शेजारी मांडले गेले. त्रेचाळिसावा, राणीचा, हातात धरून ओरिन दाराशी उभा. राणी ठेवावी, तर ती नळीतून चालत नाही. बाकीच्यांपैकी ठेवावा, तर त्यांच्यात त्याने स्वतःच गेल्या एकतीस वर्षांत दोष काढलेले. शेवटी तो लावॉनला गाठून म्हणाला, "हे सगळे त्रेचाळीस तू घे. मला तो एक दे. जीनला दिलेला."

"तीन डॉलरचा?"

"चेष्टा करू नकोस."

"नाही देणार," लावॉन म्हणाली. "पण माझा गोठा तीन बाजूंनी उघडा आहे, वारा खेळता आहे. शनिवारी ये. माझ्या साच्यात ओत, तिथेच हातपाय धू, कपडे बदल, मग घरी जा. अट एकच. आकारावर एक शब्द बोलायचा नाही."

"कबूल."

त्याने राणीही टेबलावर ठेवली. एका शेतकऱ्याने ती पाच डॉलरला घेतली, कुंपणाच्या तारेला ताण द्यायला वजन म्हणून. पहिल्या शनिवारी ओरिन गोठ्यात किती वेळ गप्प बसला, हे लावॉनने घड्याळ लावून मोजलं. अकरा मिनिटं. तिने शिशाची पळी त्याच्या हातात देऊन बोट ओठांवर ठेवलं. आता म्हणे वीसपर्यंत गेलाय.

दुकानात मात्र तो तसाच. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. "मी पहिल्यापासून म्हणत आलोय," तो डुएनला सांगत होता, "साधी, मधल्या उताराची, चपट्या तोंडाची. बाकी सगळं फॅड आहे." डुएनने माझ्याकडे पाहिलं. मी पळी पुसत होते. सातव्यांदा कोरलेलं नाव नवं होतं, चकाकत होतं.

पण एक सांगायला हवं, नाहीतर माझ्याकडून अन्याय होईल. ती खोली त्याने खरंच स्वतः साफ केली. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते, म्हणून गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने. आठ दिवस. फडकं टाकायचं, नवं घ्यायचं. जमिनीचं आवरण उखडलं, भिंतींना रंग दिला. परगण्याचा माणूस येऊन बोळ्याने पुसून तपासून गेला. दोन जागी शिसं निघालं. ओरिनने परत गुडघे टेकले. दुसऱ्यांदा निघालं नाही. आमच्या दुकानातून त्याने तेव्हा किती फडकी नेली हे मला माहीत आहे, आणि तेवढ्या दिवसांत त्याने गोळीचं नाव काढलं नाही हेही.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला त्यांनी मलाही बोलावलं. कार्लाने आत येण्याआधी खोलीच्या दारात उभं राहून सगळीकडे नजर फिरवली, मग बाळाला खाली सोडलं. जून गुडघ्यांवर सरळ त्या नव्या जमिनीवरून यंत्रापर्यंत गेली, त्याच्या काचेवर तळहात आपटले आणि आपला हात चोखत परत आली. अर्डिसने ओट्याची कड घट्ट धरली होती, ती हळूच सोडली.

जेवायच्या आधी बाळाची उंच खुर्ची हलायला लागली. एक पाय सैल होता.

"स्क्रूड्रायव्हर कुठे गेला माझा, लाल मुठीचा?" अर्डिस खण उघडत म्हणाली. "ऑक्टोबरपासून शोधतेय."

ओरिनच्या मांडीवर जून होती, डोक्यावर पिवळी टोपी. त्याने एका हाताने सदऱ्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दोन महिने कपड्यांबरोबर धुतला जाऊन त्याची मूठ फिकी पडली होती.

"तूच दिला होतास," तो म्हणाला.

"दिला होता. वापरून परत द्यायचा असतो."

"वेळेत सापडला नाही."

"हं," अर्डिस म्हणाली, आणि खुर्ची उलटी करून तिचा सैल पाय त्याच्या पुढ्यात धरला. "आता सापडलाय ना. आवळ."

जूनला कार्लाकडे देऊन त्याने आवळला. मग खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली, बसून पाहिली नाही इतकंच. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा हलवली.

"काय करतोयस?" कार्ला म्हणाली.

"चालवून बघतोय," ओरिन म्हणाला, आणि जूनला खुर्चीत बसवलं.